सातपाटीकराला ताल शिकवताना

माझ्या गाण्याविषयी आमच्या घरात एकच मत होतं आणि ते माझं नव्हतं. बोईसरच्या दोन खोल्यांत मी पेटी उघडली रे उघडली, की बायको गॅसवरचं जे काही असेल ते उतरवून कुकर चढवायची. एकदा विचारलं तर म्हणाली, "शिट्ट्या निदान वेळेवर होतात."

मी तेव्हा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. कारखान्यात त्या आठवड्यात जो रंग निघत असेल तो माझ्या नखांत, कानांच्या पाळ्यांत आणि रुमालावर असायचा. साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची. सगळं जग कामावर असताना मी घरी आणि पेटी पलंगाखाली, अशी ती सुट्टी. तेव्हा कुकरला कंटाळून म्हणा किंवा कुकर मला कंटाळला म्हणून म्हणा, मी बाहेर श्रोते शोधत होतो.

ते मला सापडले पालघरच्या एका धर्मादाय दवाखान्यात. पाठदुखीसाठी गेलो होतो. औषधाच्या खिडकीशेजारी फळ्यावर चिठ्ठी लावलेली: "दर शुक्रवारी दुपारी पेटी वाजवणारी व्यक्ती हवी. मानधन नाही." वाजवणारी, एवढंच लिहिलं होतं. गाणारी असं कुठेही नव्हतं. पण मी ते मनातल्या मनात जोडून घेतलं. इतकी मोठी संधी चार शब्दांत मावणार कशी, लिहिणाऱ्याला जागा पुरली नसेल, असं मला वाटलं.

चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरबाई मुंबईहून आठवड्यातून एकदा यायच्या. मनाच्या आजाराच्या डॉक्टर. त्यांच्याकडे येणारी माणसं दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं आजारी होती. सकाळी बाई त्यांना तपासून गोळ्या द्यायच्या आणि दुपारी त्यांतल्याच दहाबारा जणांना मागच्या हॉलमध्ये सतरंजीवर गोल बसवायच्या. मध्ये एक ढोलकी, एक डफ, टाळांचे तीन-चार जोड आणि डब्यांत खडे भरून केलेले खुळखुळे. ज्याला जे हवं ते त्याने उचलायचं आणि सगळ्यांनी मिळून काहीतरी वाजवायचं, गायचं. हाही उपचारच, असं बाई म्हणाल्या.

"गोळ्यांनी कानातले आवाज थांबतात," त्यांनी मला समजावून सांगितलं. "पण इतक्या वर्षांत चार माणसांत बसायची सवय गेलेली असते. ती गोळीने येत नाही. इथे कुणी काही सुरू केलं की तुम्ही पेटीवर हळूच त्यांच्या मागून जायचं. ते थांबले की थांबायचं. पुढे जायचं नाही."

मी मान डोलावली. मान मी फार छान डोलावतो. समोरच्याला वाटतं, याला सगळं पोचलं.

घरी येऊन मी एक वही केली. कुठल्याशा मासिकात मी वाचलं होतं की अमुक रागाने निद्रानाश जातो, तमुक रागाने संताप उतरतो. वहीत मी रेघ मारून दोन रकाने पाडले: एकात आजार, दुसऱ्यात राग. पहिल्या शुक्रवारी वेळ दुपारची म्हणून भीमपलास लावला. डोळे मिटले. डोळे मिटले की माझं मला फार बरं वाटतं. किती वेळ आळवला कोण जाणे, पण डोळे उघडले तेव्हा तिघं झोपली होती, एक गृहस्थ भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि माकुणसारच्या एक निवृत्त शिक्षिका हातात खुळखुळा धरून माझ्याकडे रोखून बघत होत्या.

"झालं का तुमचं?" त्यांनी विचारलं. "मग आता आम्ही करू का?"

या शिक्षिकाबाईंच्या आजाराबद्दल मला कधी कळलं नाही, पण त्यांची तब्येत माझ्यापेक्षा नेहमीच बरी वाटायची. दर शुक्रवारी माझी नखं तपासून "आज हिरवा" किंवा "आज जांभळा" असं जाहीर केल्याशिवाय त्या वर्ग सुरू होऊ देत नसत.

गोल मोडल्यावर डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "अहो, यांना झोपवायचंच असतं तर माझ्याकडे गोळ्या आहेत."

एखादा शहाणा माणूस इथे थांबला असता. मी फक्त राग बदलला.

त्या गोलात सातपाटीचा एक मच्छीमार यायचा. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, पण गोळ्यांमुळे थरथरत्या हातांचा. बोलायचा जवळजवळ नाहीच. नऊ-दहा वर्षांपूर्वी आजार सुरू झाला तेव्हा तो म्हणे होडीतून उठून पाण्यात चालायला निघाला होता. त्याची आई पालघरच्या बाजारात मासळी विकायची. शुक्रवारी टोपली रिकामी झाली की ती त्याला घेऊन दवाखान्यात यायची आणि दोन तास हॉलच्या दाराबाहेर, टोपली शेजारी ठेवून बसायची. माझी पेटी सुरू झाली की ती पदर तोंडाला लावायची. मला वाटायचं, गहिवरते. नंतर कळलं की हसायची.

दुसऱ्या की तिसऱ्या शुक्रवारी तिने मला दारात अडवलं.

"पेटीवाले, माजा एक काम कराल?"

"सांगा ना मावशी."

"त्याला चार मान्सांबरोबर कराला शिकवा. नारळी पुनवंनंतर आमची होडी पान्यात उतरंल. धाकटा माजा बोलतो, दादाला दोरीवर घेनार नाय. गेल्या साली यानं मधीच दोरी सोडली नि एकाचा पाय सापडला होडीखाली. आता धाकटा बोलतो, तो सगल्यांबरोबर करू शकतो असा माज्या डोल्यांनी बगीन तवाच त्याला हात लावू देईन. नायतर कंदीच नाय." तिने दाराआतून मुलाकडे पाहिलं. "दोरीवर उभा नाय तर मंग तो कोन, सांगा? घरात बसून खानारा. मी हाय तवर खाईल. मंग?"

असं कुणी विचारल्यावर डॉक्टरबाईंकडे बोट दाखवायचं असतं. मी म्हणालो, "मावशी, चिंताच सोडा. चार माणसांबरोबर करणं म्हणजे दुसरं काय? ताल! तालात बसवतो त्याला. नारळी पौर्णिमेला अजून दोन महिने आहेत."

आणि मी त्याला ताल शिकवायला बसलो. सातपाटीच्या, तीन पिढ्या समुद्रावर गेलेल्या माणसाला, बोईसरच्या स्टोअरकीपरने.

पद्धत सोपी ठेवली होती. साधं भजन, आठ मात्रा. मी म्हणायचं, बाकीच्यांनी टाळी धरायची, त्याने समेवर टाळ वाजवायचा. एक टोला, बस. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ, आणि टण्! सगळ्यांची टाळी पडायची. मग थोडी शांतता. आणि मग, बऱ्याच वेळाने, सावकाश, त्याचा टण्.

"उशीर झाला हो," मी म्हणायचो. "जरा आधी."

तो मान हलवायचा. पुन्हा आठ मात्रा. पुन्हा सगळ्यांची टाळी आणि मागून त्याचा टण्. कधी एका मात्रेने उशीर, कधी अडीच मात्रांनी, एकदा तर मी पुढची ओळ अर्धी म्हटल्यावर. एकसारखा उशीर असता तरी मी काही हिशेब बसवला असता. पण याच्या उशिरालाही काही धरबंध नव्हता. तो वाजवण्याआधी माझ्याकडे नाही, टाळांकडे नाही, समोर कुठेतरी खाली जमिनीकडे बघत राहायचा, अंग किंचित मागे घ्यायचा आणि मग वाजवायचा. मी ठरवलं, हे गोळ्यांमुळे. मेंदूपासून हातापर्यंत निरोप पोचायला वेळ लागतो. वैद्यकीय निदानही मीच करून टाकलं. नाहीतरी वही होतीच.

डॉक्टरबाईंनी दोनदा टोकलं. "वाजवू द्या त्याला त्याच्या वेळेला. तो वाजवतोय, हे कमी आहे का? मागच्या वर्षी तो टाळाला हात लावत नव्हता."

"पण बाई, त्याला चार माणसांबरोबर करायचंय."

"मग चार माणसांनी त्याच्याबरोबर करून बघावं की."

मी मान डोलावली.

श्रावण जवळ आला तशी मला घाई सुटली. कारखान्यात डबा खातानाही मी आठ मात्रा मोजायचो, बाजूला बसणाऱ्या फिटरने एकदा घाबरून विचारलं, "भाईसाब, क्या गिन रहे हो? कुछ कम पड़ा क्या?" घरी बायको म्हणाली, "तो बरा होईल की नाही माहीत नाही, पण तुम्हाला बाईंनी गोलात बसवून घ्यावं असं मला वाटायला लागलंय."

पौर्णिमेच्या आधीच्या शुक्रवारी डॉक्टरबाईंनी सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं. आपलं माणूस इथे काय करतं ते त्यांनी बघावं, एवढाच हेतू. सातपाटीहून धाकटा भाऊ आला. उन्हाने रापलेला, कमी बोलणारा, दाराला टेकून उभा राहिला, आत काही बसला नाही. त्याची आई मात्र आज सतरंजीवर, पुढे. टोपली आणलीच नव्हती. कुठलंसं ठेवणीतलं लुगडं नेसली होती.

माझ्या अंगात त्या दिवशी काय संचारलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी झब्बा घातला होता. इस्त्रीचा.

भजन सुरू झालं. बरं चाललं होतं. शिक्षिकाबाईंचा खुळखुळा, कुणाचा डफ, दारातले नातेवाईकही टाळ्या धरायला लागले. समेवर सगळ्यांची टाळी पडली. मग शांतता. मग सावकाश त्याचा टण्. दुसरं आवर्तन, तसंच. मी भुवया उडवल्या, मानेने खुणा केल्या. तिसरं आवर्तन, तसंच. चौथ्याला मी पेटीचा भाता सोडला, हात वर करून गाणं थांबवलं आणि भरल्या हॉलमध्ये ओरडलो:

"समेवर या हो, समेवर! किती वेळा सांगायचं? सगळे येतात, तुम्हाला एकट्यालाच का येत नाही?"

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि माझं मलाच ऐकू आलं. माझा आवाज त्या हॉलमध्ये इतका स्पष्ट पूर्वी कधी लागला नव्हता.

त्याने टाळ सतरंजीवर ठेवले. नीट, एकावर एक. उठला, चपला घातल्या आणि भावाच्या बाजूने बाहेर गेला. धाकटा त्याच्या पाठीकडे बघत राहिला, मग आत आईकडे पाहून शांतपणे म्हणाला, "बगितला ना आये? मी काय बोललो होतो?"

ती उठली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेऊन घरी गेलो असतो आणि दोन दिवसांत जिरवल्या असत्या.

माणसं पांगल्यावर डॉक्टरबाई पेटीजवळ येऊन बसल्या. मला वाटलं, आता रागावतील. त्या म्हणाल्या, "त्याला दोन वर्षं लागली इथपर्यंत यायला. तुम्ही झब्बा छान घातलाय."

नारळी पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी मी पाठ दुखते म्हणून कारखान्यातून रजा घेतली आणि सातपाटीची एसटी धरली. माफी मागायची होती. कोणत्या शब्दांत, ते शिरगाव येईपर्यंत ठरलं होतं. सातपाटीला उतरलो तेव्हा विसरलो होतो.

किनाऱ्यावर सणासारखी गर्दी. पावसाळाभर वर ओढून ठेवलेल्या होड्या एकेक करून पाण्यात उतरवत होते. दुपारची भरती चढत होती. होडीखाली आडवे ओंडके, त्यांवर तेल ओतलेलं. काही गडी बाजूने खांदा लावून आणि काही पुढे गुडघाभर पाण्यात दोरी धरून. एकजण साद घालतो, बाकीचे "हैसा" म्हणून जोर लावतात. सगळ्यांत कडेला, मासळी सुकवायच्या बांबूंजवळ तो उभा होता. माझा विद्यार्थी. हात पाठीमागे. शेजारी आई.

मी जवळ गेलो. म्हणालो, "मावशी, चुकलं माझं."

"हां," ती म्हणाली. "चुकला. आता आला हाय तं उगा उभा राहू नको. दोरीवर मानूस कमी हाय. जा."

अहो-जाहो आता संपलं होतं. मी पॅण्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरलो. धाकट्याने मला बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी सांगत नाही, पण दोरीचं शेवटचं टोक त्याने मला दिलं. साद तोच घालणार होता.

त्याने साद घातली. इथे मला माझ्या विद्येचा उपयोग करायची संधी दिसली. साद किती मात्रांची, जोर कुठे यायला हवा, हे मी एका क्षणात काढलं आणि अचूक समेवर, सगळ्या ताकदीनिशी दोरी ओढली. एकट्याने. बाकीचे अजून उभेच होते. दोरी हातातून सटकली, पाय वर गेले आणि मी इस्त्रीच्या शर्टासकट चिखलात बसलो. किनाऱ्यावरच्या बायका ज्या काही हसल्या, ते शिरगावपर्यंत ऐकू गेलं असेल.

"अरं ह्यो कुठून आनला?" कुणीतरी ओरडलं.

"बोईसरवरनं. त्याचे कान बग, निले हायत!"

मी उठलो, पुन्हा दोरी धरली. धाकट्याने पुन्हा साद घातली. सगळ्यांनी ओढलं. होडी हलली नाही. पुन्हा. ओंडका करकरला, बस. चौथ्यांदा एक गडी ओरडला, "अरं, लवकर लवकर बोलतोस तू! पानी येऊ दे ना!" आणि धाकटा चिडून म्हणाला, "मंग तूच बोल."

तेवढ्यात मागून आवाज आला.

"थांब."

मी दोन महिने त्याच्याबरोबर बसलो होतो आणि हा आवाज मला ओळखता आला नाही. तो बांबूंजवळून चार पावलं पुढे आला होता. आमच्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो खाली बघत होता, होडीच्या पाण्याकडच्या टोकाखाली, जिथे लाट येऊन लाकडाला लागत होती.

"अजून नाय," तो म्हणाला.

एक लाट आली, गेली. कुणी हललं नाही. दुसरी आली, तीही गेली. मी दोरी धरून मात्रा मोजत होतो. सोळा झाल्या, वीस झाल्या, मग मोजणं सोडलं. तिसरी लाट आत शिरली, होडीचं टोक किंचित उचललं गेलं, त्याने अंग मागे घेतलं, आणि:

"आता!"

आम्ही ओढली. होडी हातभर पुढे सरकली, तेल लावलेल्या ओंडक्यावरून, मऊपणे.

मी तिथे पाण्यात उभा राहून समजलो की हा माणूस कधीच उशिरा आला नव्हता. माझ्या आठ मात्रांत लाट नव्हती, म्हणून तो दर वेळी ती येण्याची वाट बघत बसायचा.

शेजारचा म्हातारा गडी मला म्हणाला, "आजारी नवता तवा किनाऱ्यावर हाच साद घालायचा. धाकट्याला नाय जमत. त्याला घाई."

"मग गेल्या वर्षी दोरी का सोडली याने?"

"कुनी दुसऱ्यानंच साद दिली ना, पानी नसताना. यानं नाय ओढली. बाकीच्यांनी ओढली." म्हाताऱ्याने खांदे उडवले. "कोन सांगनार? तो बोलत नाय नि धाकटा ऐकत नाय."

धाकट्याने हे ऐकलं की नाही माहीत नाही. त्याने भावाकडे पाहिलं, मग साद घालायला तोंडाशी नेलेला हात खाली घेतला आणि पुढच्या वेळेला साद घातलीच नाही. उभा राहिला. आम्ही सगळे उभे राहिलो. चाळीसेक माणसं, सगळी त्या एका माणसाकडे बघत, आणि तो पाण्याकडे बघत.

"आता!"

होडी सहाव्या की सातव्या हाकेला तरंगली. बायकांनी आरडाओरडा केला. त्याची आई ओरडली नाही. ती बांबूला धरून उभी होती आणि पदर तोंडाला लावला होता. या वेळी मी काही निदान केलं नाही.

मी चिखलातून बाहेर येताना तो माझ्यासमोर आला. मी पुन्हा माफीचे शब्द शोधायला लागलो. तो माझ्या सोललेल्या तळव्यांकडे बघून म्हणाला, "पेटीवाले, तुमी फार घाई करता."

"हो," मी म्हणालो. मान डोलावली नाही.

पुढची होडीही त्याच्याच हाकेवर उतरली. तिसऱ्या होडीच्या अर्ध्यावर त्याचे हात फार कापायला लागले, डोळे कुठेतरी लांब गेले आणि तो एक शब्द न बोलता वळून घराकडे चालायला लागला. सगळे थांबले. दोरी तशीच ताणलेली. मला वाटलं, संपलं, आता हा धाकटा आईकडे बघणार आणि तेच वाक्य म्हणणार.

धाकटा त्याच्या पाठीकडे थोडा वेळ बघत राहिला. मग गड्यांकडे वळून म्हणाला, "जाऊ दे, दमला तो. ही होडी आपून बांधून ठेवू. उद्या भरतीला दादा येल तवा उतरवू."